बदलापूरची रेघ

२ सप्टेंबर १९९१

प्रयोगाच्या वहीत मत लिहायचं नाही, असा तोलानी सरांचा दंडक आहे. तिथं तारीख, वजन, तापमान आणि निकाल, बस. माझ्याकडे मतं फार आहेत, म्हणून ही दुसरी वही.

पहिलं मत: हे काम माझ्याइतकं नीट अख्ख्या अंबरनाथमध्ये कुणी करत नाही. ही बढाई नव्हे. अंबरनाथमध्ये हे काम करणारी मी एकटीच आहे.

मोरिवलीला चिकटून आमची औषधांची कंपनी. पुढच्या इमारतीत गोळ्या होतात, मागच्या दोन खोल्यांत संशोधन. माणसं तीन. तोलानी सर उल्हासनगरचे, मराठी बोलता बोलता कधी हिंदीत जातात ते त्यांनाही कळत नाही. सुदामकाका पालेगावचे, स्कूटरला बर्फाची पेटी बांधून नमुने आणतात. पेटीत काय आहे असं रस्त्यात कुणी विचारलं तर बेधडक ‘मासळी’ म्हणून सांगतात. आणि मी, कुमुदिनी, एम.एस्सी., पीएच.डी.ची दोन वर्षं संपली, अजून एक निकाल धड हातात नाही.

पेटीत असते बाळंतिणीची वार. मूल जन्मलं की तिचं काम संपतं आणि दवाखाने ती टाकून देतात. आम्हाला तिच्यातलं एक प्रथिन हवं असतं.

आईनं आज विचारलंच, “त्या वारेचं तुम्ही करता तरी काय?”

मी तिला दाराची घंटा दाखवली. बाहेर बटण, आत घंटा. इन्शुलिन येऊन बटण दाबतं. प्रथिनाचा बाहेरचा भाग म्हणजे बटण, आतला भाग म्हणजे घंटा. घंटा वाजली की पेशी साखर आत घेते. मधुमेहात कधी कधी बटण दाबलं जातं, पण घंटा वाजत नाही. ती वाजली का, हे मी बघते. वाजताना आतला भाग स्वतःला फॉस्फेट चिकटवून घेतो. मी त्याला किरणोत्सारी फॉस्फेट देते, मग एक्स-रेच्या फिल्मवर काळी रेघ उमटते. रेघ आली म्हणजे घंटा वाजली.

“एवढंच?” आई म्हणाली.

“एवढंच.”

“आणि याला दोन वर्षं?”

५ सप्टेंबर

उल्हासनगरच्या सूतिकागृहातले नमुने चांगले येतात, पण आठवड्याला एखादाच. म्हणून सरांनी बदलापूरचं एक छोटं प्रसूतिगृह गाठलं. तिथं बारवी-वांगणीकडच्या वाड्यांवरच्या बायका येतात. पहिला नमुना घ्यायला मी स्वतः गेले.

तिथल्या आयाबाईंचं नाव नवसी. पन्नाशीच्या असतील. स्वतः बारवीकडच्या वाडीतल्या. बोलतात कमी, बघतात जास्त. मी त्यांना पेटी, बर्फ, पिशवी सगळं समजावून सांगितलं. वार बाहेर आली की लगेच पिशवीत, पिशवी बर्फात, पाच मिनिटांच्या आत. “कळलं का मावशी?” असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “पयल्यांदाच कळलं व्हतं.”

९ सप्टेंबर

दोन्ही नमुन्यांना रेघ. ठसठशीत, काळीभोर. सुदामकाकांना दाखवली. ते म्हणाले, “बरी आहे.” या माणसाला ताजमहाल दाखवला तरी बरा आहे म्हणेल.

दुसरा नमुना घ्यायला गेले तेव्हा नवसीमावशींनी विचारलं, “ताई, काम झाल्यावं हिचं काय करता?”

मी म्हटलं, “भट्टीत जाळतो. स्वच्छ काम.”

“पुरत नाय?”

“छे हो. पुरून काय करायचं?”

त्या पेटीचं झाकण बंद करत राहिल्या. काळजी करू नका, रोगराई पसरत नाही, असं मी सांगितलं. अशा माणसांना थोडं समजावून सांगितलं की पटतं.

१६ सप्टेंबर

बदलापूर तीन: रेघ नाही.

सुदामकाकांना फैलावर घेतलं. बर्फ वितळला असणार, नाहीतर वाटेत चहाला थांबले असणार. ते शपथ घेऊन नाही म्हणाले. फिल्म मी उलटसुलट तपासली. माझ्या फिल्ममध्ये घोळ होत नाही. प्रत्येक फिल्मचा उजवा वरचा कोपरा मी कात्रीनं कापते, म्हणजे डावं-उजवं कधी चुकत नाही. ही सवय सरांनाही नाही.

२५ सप्टेंबर

चार, पाच: रेघ नाही. आता पेटी मी स्वतः मांडीवर धरून रिक्षानं आणली. बर्फ दगडासारखा होता. सुदामकाकांची माफी मागायला हवी. उद्या मागेन.

गंमत अशी, की इन्शुलिन चिकटतं आहे. ते मोजून पाहिलं, उल्हासनगरच्या नमुन्यांइतकंच. बटण शाबूत, घंटा मुकी.

आणखी एक: बदलापूरची वार वाटून गाळली की त्या द्रवाला पिवळट झाक असते. बहुतेक काविळीचा अंश. वाड्यांवरचं पाणी कसं असतं ते माहीतच आहे. प्रयोगाच्या वहीत ‘किंचित पिवळसर’ एवढंच लिहिलं.

९ ऑक्टोबर

सहा, सात, आठ. रेघ नाही, रेघ नाही, रेघ नाही. मधल्या आठवड्यांतले उल्हासनगरचे चारही नमुने काळेभोर.

सरांनी फिल्म खिडकीशी धरली आणि म्हणाले, “कुमुदिनी, समझ रही है तू? हा नमुन्याचा दोष नाही. ये उन औरतों में है. डोंगरातल्या बायकांच्या पेशी निरोप ऐकतात, पण पुढे पोचवत नाहीत. पूरी दुनिया में किसी ने नहीं दिखाया!”

मी म्हटलं, “पहिल्या दोघींना रेघ आली होती, सर.”

“त्या गावातल्या असतील. चेक कर.”

चेक करायचं काय, प्रसूतिगृहाच्या रजिस्टरात फक्त नाव आणि वेळ असते. पण सरांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. त्या दोघी बदलापूर गावातल्याच असणार.

मला काय वाटतं ते स्पष्ट लिहिते. मला नाचावंसं वाटतं आहे.

१० ऑक्टोबर

आईला सांगायला नको होतं.

ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, वाडीवरच्या बायका, मुकी घंटा, डिसेंबरात हैदराबादला भरणारी शास्त्रज्ञांची परिषद. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, “म्हणजे त्यांच्यात जन्मतःच खोट आहे, असं तुला सांगायचंय.”

“खोट नाही गं, फरक.”

“आमच्या शाळेत मास्तर म्हणायचे, ह्यांच्या रक्तातच अभ्यास नाही. आम्ही मागं बसायचो, पोत्यावर. मग तू कुठल्या रक्तावर एम.एस्सी. झालीस?”

मी म्हटलं, ते मास्तर जातीवरून बोलत होते, मी प्रथिनावरून बोलते आहे. ते न बघता बोलत होते, मी फिल्मवर बघून बोलते आहे. आई म्हणाली, “बरं.” आईचं ‘बरं’ आणि सुदामकाकांचं ‘बरी आहे’ यांत मोठा फरक आहे. सुदामकाकांचं ऐकून झोप उडत नाही.

विज्ञानाला जात नसते. हे मी तिला समजावून सांगेन, ती जरा शांत झाली की.

२१ ऑक्टोबर

परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं, तिसरं कुणी नाही. ‘पश्चिम भारतातील एका डोंगराळ भागातील स्त्रियांमध्ये’ अशी सुरुवात आहे. पहिले दोन नमुने आकडेवारीतून वगळले. ‘हाताळणीतील अनियमितता’ असं कारण दिलं. हाताळणी माझीच होती, पण असू दे.

१५ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला नमुना, अकरावा. रेघ नाही, आता आश्चर्यही वाटत नाही. आज शुक्रवार, एमआयडीसीची वीज बंद, म्हणून निकाल लिहून काढत बसले.

नवसीमावशींची बोटं पिवळीजर्द होती. मी चेष्टेनं म्हटलं, “काय मावशी, दिवाळीचं उटणं अजून गेलं नाही वाटतं!” त्या हसल्या आणि बोटं पदरात लपवली. त्यांची सून बाळी पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत बाळंत होणार आहे. पहिलंच. मी म्हटलं, “मला निरोप पाठवा, मी स्वतः येते.” त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. लाजल्या असतील.

१९ नोव्हेंबर

हैदराबादहून पत्र. नुसता फलकावर लावायचा निबंध नव्हे, व्यासपीठावर पंधरा मिनिटं! बोलायचं मी, असं सर म्हणाले. “मेरी आवाज में दम नहीं, तुझ्यात आहे.” विद्यापीठाच्या समितीसमोर हे पत्र ठेवलं की माझी पीएच.डी. मार्गी लागली. समिती जानेवारीत आहे, परिषद बारा डिसेंबरला.

निळी साडी नेसावी की पांढरी?

२६ नोव्हेंबर

हे आजच लिहायला हवं.

निरोप मावशींनी पाठवला नाही, प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंनी फोन केला. मी पेटी घेऊन पोचले तेव्हा बाळी मोकळी झाली होती. मुलगी. खाटेवर बसून पेज पीत होती. मावशी आतल्या मोरीत होत्या. मी सरळ आत गेले.

मावशी पाटावर बसल्या होत्या. पुढे परातीत वार, कोमट पाण्यानं धुतलेली. शेजारी वाटीत तेलात कालवलेली हळद. मला बघून त्या उठल्याही नाहीत. म्हणाल्या, “ही द्यायची नाय ताई. ही माज्या घरची हाय. ही आमी पुरनार, दारात.”

मी म्हटलं, “नका देऊ. पण ही हळद कशाला?”

“हळद लावूनच पुरत्यात ना. तिनं नव महिनं पोराला पोसलं. तिला अशीच नागवी धाडायची काय?”

मी विचारलं, “मावशी, मला देता त्यांनाही लावता?”

“लावते.”

“सगळ्यांना?”

“पयल्या दोघींना नाय लावली. मला वाटलं तुमी काम झाल्यावं पुरत असाल. मंग तुमी बोललात जाळतो. म्हटलं, माती नाय तर नाय, निदान हळद तरी लागू दे तिला. नायतर पोरांना बाधतं.” मग म्हणाल्या, “पाच मिनटांच्या आत लावते. तुमी सांगितलं व्हतं.”

त्यांनी हळदीत बोटं बुडवली आणि मी ओरडले, “थांबा!”

बाळी बाहेरून म्हणाली, “काय झालं वं आत्या?”

मी मोरीच्या दारातच उकिडवी बसले. म्हटलं, “मावशी, हळद लावायच्या आधी एवढासा तुकडा द्याल? अंगठ्याएवढा. बाकी सगळी तुमची.”

“माजी कुठं हाय. तिची हाय. तिला इचारा.”

एवढ्या महिन्यांत मी एकाही बाईला विचारलं नव्हतं. खाटेशी गेले. बाळी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी काय विचारलं ते आठवत नाही, काहीतरी अडखळत बोलले. ती म्हणाली, “दुखनार हाय का?” मी नाही म्हटलं. “मंग घ्या की.”

२८ नोव्हेंबर

काल उल्हासनगरची एक वार आली. मधोमध कापली. एका अर्ध्या भागाला तेलातली हळद, मावशींच्या पद्धतीनं. दुसऱ्याला काही नाही. शेजारी बाळीचा तुकडा. वाटण, गाळणं, सगळं एकाच वेळी, एकाच हातानं. हळदीच्या भागाला तीच पिवळट झाक. काविळीचा अंश म्हणे! चार पिढ्या जिच्या घरात हळद दळली जाते त्या बाईला हळदीचा रंग ओळखता येऊ नये. आणि तिनंच इतरांना अडाणी समजावं.

फिल्म लावली आहे. दोन दिवस थांबायचं.

३० नोव्हेंबर

उल्हासनगर, साधी: रेघ.
उल्हासनगर, हळदीची: काही नाही.
बाळी: रेघ. काळीभोर.

डोंगरातल्या बायकांच्या घंटा व्यवस्थित वाजतात. मुकी केली ती हळदीनं, आणि हळद लागली माझ्या एका वाक्यामुळे.

१ डिसेंबर

एक दिवस मी गप्प बसले, हेही लिहिते. मनात काय काय आलं! अकरा दिवसांवर परिषद. कुणाला कळणार आहे? मावशी हैदराबादला येणार नाहीत. पीएच.डी. हातात घेतल्यावर हळूच दुरुस्ती छापता येईल. असं करणारे लोक आहेत, त्यांची नावंही मला माहीत आहेत.

संध्याकाळी आई म्हणाली, “परिषदेला जाताना पांढरीच साडी नेस.” तिला त्या निबंधाबद्दल काय वाटतं ते मला ठाऊक आहे. तरी ती साडीला इस्त्री करत होती. मग मला बसवेना. तिला सगळं सांगितलं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

“चूक सापडली कुणाला?”

“मलाच.”

“मग रडतेस कशाला? मास्तरांना कधी सापडली नाही.”

२ डिसेंबर

सर फिल्म बघून खुर्चीत बसले. अगदी हळू म्हणाले, “दो साल, कुमुदिनी.” त्यांना माझी दोन वर्षं म्हणायची होती, स्वतःची नाही. मला त्यांची माया आली.

मी म्हटलं, “परिषदेला मी कळवते.”

“ना ना. पहिलं नाव माझं आहे. चिट्ठी मी लिहिणार.” आणि तिथंच टाइप केली. चार ओळी. आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, नमुन्यांना हळद लागलेली होती, कृपया निबंध मागे घ्यावा. ‘हळद’ शब्दाशी थांबून विचारलं, “हसतील ना ते?”

“हसू देत.”

“हसू देत,” ते म्हणाले आणि पाकीट चिकटवलं. पाच मिनिटांनी त्यांचंच डोकं चालू झालं. “पण काय गं, हल्दी इतना पावरफुल? बटण सोडून फक्त घंटाच कशी बंद करते?” मी म्हटलं, ते नंतर. आधी बदलापूरचं नीट करते. जानेवारीत समितीसमोर माझ्याकडे दाखवायला फक्त एक चूक असणार आहे. पण ती मी पकडलेली चूक आहे, ती मान वर करून दाखवेन.

सुदामकाकांची माफी आज मागितली, सव्वादोन महिने उशिरा. म्हणाले, “बरं.”

२० डिसेंबर

नवी पद्धत. आधी मी किंवा नर्सबाई बाळंतिणीला विचारणार. हो म्हणाली तर अंगठ्याएवढा तुकडा. बाकीची वार मावशींकडे. तिला हळद लावायची, बांधून घरच्यांच्या हातात द्यायची, पुढे ते पुरोत नाहीतर काही करोत. काटकसरीनं केलं तर एवढ्याशा तुकड्यात भागतं. मग आधी अख्खी वार का घेत होते? कारण कुणी नको म्हणत नव्हतं.

एक बाई नाही म्हणाली. तिची घेतली नाही. प्रयोगाच्या वहीत लिहिलं: ‘नकार, १.’ सरांनी बघितलं, हे मत आहे का निकाल, विचारलं. मी निकाल म्हटलं.

१४ जानेवारी १९९२

समितीनं एक वर्ष वाढवून दिलं. एक सभासद हसले, हळदीच्या वेळी. मीही हसले. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, “अशी चूक सापडायला मोरीपर्यंत जावं लागतं.” एक वर्ष म्हणजे काही फार नाही. मी ते आठ महिन्यांत करेन.

२३ जानेवारी

नवी फिल्म घेऊन बदलापूरला गेले. सहा नमुने, शेजारी शेजारी. तीन उल्हासनगरचे, तीन बदलापूरचे, त्यातलाच एक बाळीचा जपून ठेवलेला तुकडा. सहा काळ्या रेघा, एका ओळीत, एका उंचीवर.

बाळी मुलीला लस टोचून घ्यायला आली होती. मावशींनी हात धुऊन पदराला पुसले. मी फिल्म खिडकीशी धरली.

“हिच्यातली बाळीची कंची?”

मी ऐटीत बोट ठेवलं. “ही. उजवीकडून दुसरी.”

मावशींनी काचेवर ठेवावं तसं हलकेच बोट ठेवलं, पिवळं. बाळीनं मुलीला वर उचलून ती रेघ दाखवली. “ही बघ, तुजी,” म्हणाली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मावशी म्हणाल्या, “बेस काळी आली,” आणि आत निघून गेल्या. डोळे पुसायला गेल्या असाव्यात, पण मी आता असले अंदाज लिहायचे नाहीत असं ठरवलं आहे.

रिक्षात बसल्यावर फिल्म पाकिटात घालताना लक्षात आलं. मघाशी खिडकीशी कापलेला कोपरा माझ्या डाव्या अंगठ्याखाली होता. फिल्म मी उलटी धरली होती. उजवीकडून दुसरी ती बाळीची नव्हतीच, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या कुणा सिंधी बाईची होती. बाळीची डावीकडून दुसरी.

रिक्षा वळवायला सांगणार होते. मग फिल्म पुन्हा उजेडात धरली, कोपरा अंगठ्यानं झाकला, आणि दोन्ही रेघा बराच वेळ बघितल्या. मला फरक सापडला नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, “चला, अंबरनाथ.”